आलेला पाहुणा परत यावा म्हणून: संकेतस्थळाचा एक पाठ



न्यूझीलंडमध्ये आपल्या लोकांची घरे मोजकी. कोणी ऑकलंडला, कोणी वेलिंग्टनला, कोणी नोकरीच्या निमित्ताने दक्षिण बेटावर. सणावारी एकत्र येणे सोपे नाही, म्हणून आम्ही काही कुटुंबांनी मिळून एक छोटेसे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, काढायचे ठरविले. "बाई आता निवृत्त आहेत, त्यांना वेळच वेळ आहे," असे म्हणून मजकुराचे काम माझ्या गळ्यात घातले गेले. मी आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकविले. तेव्हा यात कठीण ते काय, अशा घमेंडीत मी होते.

आमचे पहिले पान मला अजून आठवते. वर समुद्राचे मोठे छायाचित्र, त्याखाली स्वागताचे चार परिच्छेद, मग आमच्या मंडळाची नऊ उद्दिष्टे. शब्बाथच्या दिव्यांची वेळ एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. सर्वांनी वाहवा केली.

मग एप्रिल आला. इथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. घरातली घड्याळे मी मागे घेतली. संकेतस्थळाचे पान बदलायचे विसरले. त्या शुक्रवारी वेलिंग्टनला सूर्य सहाच्या सुमारास मावळला. आमचे पान मात्र उन्हाळी घड्याळाचीच, जवळजवळ सातची वेळ दाखवीत होते. हट खोऱ्यात राहणाऱ्या आपल्या एका मावशींनी पानावर विश्वास ठेवला आणि त्यांचे दिवे सूर्यास्तानंतर लागले. ऐंशी ओलांडलेली बाई, जन्मात अशी चूक झाली नव्हती. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळले, "आई आता तुमचं पान उघडत नाहीत. कोणाला तरी फोन करून विचारतात."

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. तो आज आपल्यापुढे ठेवते, कारण इस्राएलमध्ये, ऑस्ट्रेलियात, इंग्लंड-अमेरिकेत आपल्यापैकी अनेकजण अशीच छोटी संकेतस्थळे काढीत आहेत किंवा काढण्याच्या विचारात आहेत.

प्रथम एक भेद नीट समजून घेऊ. पाहुण्याला आणणे हे एक काम आणि त्याला टिकविणे हे दुसरे. दोन्हींना लागणारे सामान वेगळे आहे. याचे उत्तम उदाहरण इथल्या घराघरात ठाऊक आहे, ते म्हणजे ट्रेड मी. जुन्या-नव्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे हे संकेतस्थळ सॅम मॉर्गन या तरुणाने १९९९ साली वेलिंग्टनमध्ये सुरू केले. त्याची हकीगत अशी सांगतात की घर थंड म्हणून तो एक जुना हीटर शोधीत होता. दुसऱ्या एका ठिकाणी जाहिरात सापडली, पण हीटर कधीच विकला गेला होता. जाहिरात तेवढी टांगलेली राहिली होती. वेलिंग्टनची थंडी ज्याने अनुभवली आहे त्याला त्या तरुणाची चीड कळेल. सात वर्षांनी, २००६ साली, फेअरफॅक्स या वृत्तपत्र कंपनीने ट्रेड मी ७० कोटी न्यूझीलंड डॉलरना विकत घेतले.

त्याच वर्षी तिथे एक गंमत झाली. ऑल ब्लॅक्स या रग्बी संघाच्या माजी कप्तानाने एका बारमध्ये आपल्याच सहकारी खेळाडूला एका बाईची हँडबॅग मारली. पुढे ती हँडबॅग ट्रेड मीवर लिलावाला आली आणि २२,७५० डॉलरना गेली. साऱ्या देशाने ते पान उघडून पाहिले. अशी हँडबॅग माणसे आणते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा का यावे? ते येतात हीटरसाठी, सायकलसाठी, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासाठी. आणि येतात ते वस्तू खरोखर तिथे आहे या भरवशावर. लिलावाची वेळ संपली की बोली आपोआप बंद होते. म्हणजे शिळी जाहिरात टांगलेली राहणार नाही याची सोय त्या रचनेतच आहे. कोणा बाईंच्या आठवणीवर ती सोडलेली नाही. व्यवहार झाल्यावर घेणारा आणि देणारा एकमेकांविषयी शेरा लिहितात, तो पुढच्या माणसाला वाचता येतो. आवडलेली वस्तू नजरेखाली ठेवण्यासाठी यादी करता येते, आणि ती यादीच माणसाला परत घेऊन येते. रूप म्हणाल तर बरीच वर्षे साधेच होते: किवी पक्ष्याचे चित्र, शोधायची चौकट, वस्तूंचे प्रकार. फार सजावट नाही.

आम्ही यावरून काय घेतले? प्रत्येक मजकुराला मुदत घातली. दिव्यांच्या वेळेबरोबर आता त्या शुक्रवारची तारीख ठळक छापलेली असते आणि तो शनिवार उलटला की ती ओळ आपोआप नाहीशी होते. पुढची वेळ कोणी भरली नसेल तर जागा रिकामी दिसते. रिकामी जागा पाहून माणूस फोन तरी करील. चुकीची वेळ पाहून तो दिवे लावील. शिवाय शहरवार वेळ दिली, कारण ऑकलंड आणि वेलिंग्टनचा सूर्यास्त एक नाही. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये पाचच्या आसपास, म्हणून या पानाची गरज दर आठवड्याला पडते. दर आठवड्याला खरे उत्तर देणारे एक पान दहा सुंदर लेखांपेक्षा जास्त माणसे परत आणते, हे मी लेख लिहिणारी असूनही कबूल करते.

आता मांडणीकडे वळू. शाळेत आपण प्रस्तावना, विस्तार, समारोप असे शिकलो. संकेतस्थळावर येणारा माणूस प्रस्तावना वाचत नाही. तो प्रश्न घेऊन आलेला असतो आणि उत्तर दिसले नाही तर पाठ फिरवितो. याकोब नीलसन या तज्ज्ञाने २००६ साली वाचकांच्या नजरेचा मागोवा घेऊन दाखविले की पुष्कळजण वरची एक-दोन ओळ आडवी वाचतात, मग थोडे खाली येऊन अर्धी ओळ, आणि पुढे नुसती डावी कड चाळीत जातात. म्हणून मथळ्याचा पहिला शब्दच कामाचा असावा. "आपल्या गौरवशाली इतिहासाविषयी थोडेसे" या मथळ्यात कामाचा शब्द कोणता? "नवगाव: स्मारकाला कसे जावे" असे लिहिले की अलिबागला सुट्टीवर निघालेला नातू तिथे थांबतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि लांब वाक्यात मुद्दा शेपटाला जातो, तेव्हा आपण विशेष जपले पाहिजे.

न्यूझीलंडचा ज्ञानकोश 'ते आरा' पाहण्यासारखा आहे. माओरीत या नावाचा अर्थ 'वाट'. तो २००५ साली थेट संगणकावरच प्रकाशित होऊ लागला. त्यात भारतीयांवर नोंद आहे, ज्यूंवरही आहे. प्रत्येक मोठ्या नोंदीबरोबर एक छोटी, सोप्या भाषेतली गोषवाऱ्याची नोंद दिलेली असते. मुलाला तेवढी पुरते. ज्याला गोडी लागेल तो आत शिरतो. आम्ही हीच रीत उचलली. प्रत्येक पानावर आधी चार ओळींत उत्तर, मग खाली सविस्तर. नऊ उद्दिष्टे आता 'आमच्याविषयी' या पानावर आहेत. ती कोणी विचारली नव्हती.

हे सारे करूनही पान चांगले झाले की नाही हे करणाऱ्याला कळत नाही. नीलसन यांनीच २००० साली मांडले की पाच माणसांना वापरायला देऊन नुसते पाहत बसले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. त्यांचा हिशेब सुमारे ८५ टक्क्यांचा होता. पाच माणसे तर आपल्याकडे एका जेवणाला जमतात! मी पाचजणांना एकेक करून बसविले, त्यात हट खोऱ्यातल्या मावशीही. आधी त्यांच्या घरी जाऊन एप्रिलच्या चुकीबद्दल माफी मागितली होती. "अगं, तुझं वय झालं आता," एवढेच त्या म्हणाल्या.

काम एकच दिले: "तुमच्या माहेरच्या गावाचं पान काढा." मी मागे खुर्ची टाकून परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी बसले. मदत करायची नाही, खूण करायची नाही. शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही. मावशींनी वरची सगळी बटणे वाचली आणि विचारले, "यात गाव कुठाय?" गावे आम्ही 'वारसा' या नावाखाली ठेवली होती. सोळा वर्षांच्या मुलाला 'वारसा' म्हणजे कोणाच्या मृत्युपत्राचा विषय वाटला. पाचपैकी एकालाही गाव सापडले नाही. त्याच संध्याकाळी 'वारसा' काढून तिथे 'आडनावे आणि गावे' लिहिले. पुढच्या खेपेला मावशींना आपले पेण मिळाले.

आता जरा नावांवर थांबू, कारण आपल्या समाजाच्या कोणत्याही संकेतस्थळाचे हे मर्म आहे आणि बाहेरचा कारागीर ते आपल्याला सांगू शकणार नाही. माणसे बहुधा गूगलसारख्या शोधयंत्रातून येतात आणि तिथे आपलाच शब्द टाकतात. आपला शब्द म्हणजे कोणता? पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. कोकणातल्या गावावरून पडलेली ही आडनावे इंग्रजीत प्रत्येक घराने वेगळी लिहिली. कोणी 'व' साठी व्ही घातला, कोणी डब्ल्यू. शेवटच्या 'कर'मध्ये कोणाचा ए, कोणाचा ई. इस्राएलमध्ये हिब्रूत लिहिताना स्वर बहुधा गाळले जातात, त्यामुळे तिकडे वाढलेल्या नातवाच्या तोंडी उच्चारच बदललेला असतो. काही घरांनी तर आडनाव बदलून हिब्रू घेतले. मागच्या पिढ्यांत जावे तर अब्राहामचा अबाजी, शमुवेलचा सामाजी, मोशेचा मुसाजी. नातू शोधतो एक नाव आणि जुन्या कागदावर असते दुसरे. सणांचेही तेच. आजी 'नव्याचा सण' म्हणते, नात 'रोश हशाना'. दोघींनाही एकाच पानावर यायचे आहे.

म्हणून नियम असा केला की पानावर एक शुद्ध रूप ठरवून बाकीची पुसायची नाहीत. "हे आडनाव असेही लिहितात" अशी ओळ घालून सर्व रूपे, देवनागरी, रोमन आणि हिब्रू, तिथे लिहायची. मला शुद्धलेखनाच्या शिक्षिकेला हे जड गेले. पण चुकीचे स्पेलिंग घेऊन आलेल्या लेकराला दारातून परत पाठविणे अधिक जड आहे.

हे मी शिकले ते 'पेपर्स पास्ट' वरून. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००१ साली सुरू केलेला हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह विनामूल्य आहे. पहिल्या काळात तिथे पानांची चित्रे होती, म्हणजे तारीख माहीत असेल तर पान सापडायचे. पुढे यंत्राकडून मजकूर वाचवून घेऊन त्यात शब्द शोधायची सोय झाली आणि त्या जुन्या कागदांत जीव आला. डनीडिनचे 'ओटागो डेली टाइम्स' हे दैनिक १८६१ साली विल्यम कटन आणि ज्युलियस व्होगेल यांनी काढले. व्होगेल ज्यू होते आणि १८७३ मध्ये या देशाचे पंतप्रधान झाले. त्या दैनिकाची जुनी पाने आज एक नाव टाकून कोणीही काढू शकतो. उलट आपल्या हाईम केहिमकरांचे पाहा. बेने इस्राएलांचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून संपविला आणि तो तेल अवीवला छापला गेला १९३७ साली. चाळीस वर्षे मजकूर होता, पण वाचकाच्या हाती नव्हता. संकेतस्थळावर नुसती चित्रे चढवून ठेवली तर आपण तेच करतो.

मराठीचा आणखी एक अडसर सांगते. आपल्या जुन्या पत्रिकांचा मजकूर संगणकावर ज्या टंकांत जुळविला गेला, त्यांतील बरेच टंक युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत पडद्यावर दिसते देवनागरी, पण आत साठविलेली असतात रोमन अक्षरे. तो टंक नसलेल्या संगणकावर पान उघडले की अगम्य रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि शोधयंत्रालाही तीच दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हा जुना मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे डोळ्यांनी तपासूनच चढवावा. आमंत्रणपत्रिकेचे नुसते छायाचित्र लावणे ही तर घरोघरची सवय. त्यातला एकही शब्द शोधात येत नाही आणि अंधासाठी पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रालाही तो दिसत नाही. चित्राखाली मजकूर टंकून द्यावा.

कारागिरीच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फोनने काढलेले छायाचित्र चार-पाच मेगाबाइटचे असते. रुंदी बाराशे बिंदूंवर आणून ते दोन-तीनशे किलोबाइटचे करावे, मूळ प्रत घरी जपावी. पान उघडायला एक सेकंदाहून जास्त लागला की माणसाला थांबल्यासारखे वाटते आणि दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष उडते, हे नीलसन यांच्या १९९३ च्या पुस्तकातही आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक निदान साडेचारास एक असावा, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. करड्यावर फिकट निळे हे तरुण डोळ्यांचे लाड आहेत. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. पान आधी फोनवर पाहावे, मग संगणकावर. आणि जोडणी सुरक्षित प्रकारची घ्यावी, कारण २०१८ पासून क्रोम तसे नसलेल्या पानावर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो, आणि आपली वडीलधारी मंडळी तो पाहून घाबरतात.

नवे काही आले की इमेलने कळवावे, मात्र विचारून. इथल्या २००७ च्या कायद्याप्रमाणे व्यापारी स्वरूपाच्या संदेशाला संमती लागते, पाठविणाऱ्याची ओळख आणि नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते. आपला संदेश व्यापारी नसला तरी ही रीत पाळावी. कळविताना पहिल्या पानाचा दुवा न देता थेट त्या विषयाच्या पानाचा द्यावा. जिवंत माणसांचे पत्ते, मुलांची नावे-छायाचित्रे संमतीशिवाय लावू नयेत.

आता मावशींकडे परत येते. त्यांच्याकडे पेणच्या एका लग्नाचा जुना फोटो होता, चौदा माणसांचा. ज्या दिवशी पेण सापडले त्या दिवशी त्यांनी तो पेटीतून काढून दिला. अकरा माणसांची नावे त्यांनी सांगितली, तिघांची आठवेनात. माझी पहिली इच्छा ती तीन माणसे गुपचूप सोडून द्यायची. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून एक वेगळीच रीत पाडली आहे. 'ट्रोव्ह' या त्यांच्या संग्रहात यंत्राने चुकीची वाचलेली वृत्तपत्रांची अक्षरे कोणाही वाचकाला दुरुस्त करता येतात. चूक लपविण्याऐवजी ती वाचकाच्या हाती सोपविली, आणि लोक दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा येऊ लागले. आम्ही फोटोखाली चौदा आकडे घातले आणि तीन आकड्यांपुढे जागा कोरी ठेवून लिहिले, "ओळखता का?" अश्दोदहून एका गृहस्थांनी सात नंबरचे नाव कळविले, ते त्यांचे चुलते निघाले. मावशी अधूनमधून फोन करून विचारतात, "बाकीचे दोघं सापडले का गं?" म्हणजे पान उघडूनच विचारतात.

शेवटी किल्ल्यांविषयी, कारण कितीतरी समाजांची संकेतस्थळे यापायीच बुडाली. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदविले आहे, वर्गणी कोण भरतो, परवलीचा शब्द कोणाजवळ आहे, हे निदान तीन माणसांना ठाऊक असावे. फुकट जागेवर विसंबू नये. जिओसिटीज २००९ साली बंद झाली तेव्हा असंख्य लोकांची पाने तिच्याबरोबर गेली. न्यूझीलंडपुरते एक बरे आहे की २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयाला इथली संकेतस्थळे जतन करण्याचा अधिकार आहे, आणि २००८ मध्ये त्यांनी देशाच्या नामक्षेत्रातील सर्व पाने प्रथमच एकदम गोळा केली. तरीही घरी एक प्रत ठेवावी. आमची एक माझ्याकडे आहे, एक ऑकलंडला.

गृहपाठ: समाजाविषयी, सणाविषयी, गावाविषयी तुम्हाला फोनवर विचारले गेलेले शेवटचे पाच प्रश्न आठवा आणि विचारणाऱ्याच्याच शब्दांत कागदावर लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. मग तुमच्या मंडळाचे पहिले पान उघडून त्या प्रश्नांची उत्तरे किती वेळात सापडतात ते घड्याळ लावून पाहा. कागद संपादकांकडे पाठविलात तर पुढच्या वेळी ते प्रश्न घेऊनच बसू.